टाइप-२ मधुमेह : इन्सुलिन कधी सुरू करावे?

टाइप-२ मधुमेहात स्वादुपिंडातील बीटा पेशींची क्षमता वर्षागणिक घटत जाते, असे ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासाने १९९५ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे गोळ्या अपुऱ्या पडणे हा रुग्णाचा दोष नव्हे. एचबीए१सी १० टक्क्यांहून अधिक, रक्तशर्करा प्रति डेसिलिटर ३०० मिलिग्रॅम वा त्याहून जास्त, किंवा वजन अकारण घटत असल्यास इन्सुलिन लांबणीवर टाकू नये. एरवी जीएलपी-१ वर्गातील इंजेक्शनचा पर्याय बहुधा आधी विचारात घेतला जातो. इन्सुलिनचा प्रारंभ साधारणतः दिवसातून एकदा, १० युनिटने होतो. ‘एकदा सुई लागली की सुटत नाही’, ही समजूत सरसकट खरी नाही. शस्त्रक्रिया वा गंभीर संसर्गाच्या काळात दिलेले इन्सुलिन पुढे अनेकदा थांबवता येते. खरे भय साखर ७० मिलिग्रॅमखाली घसरण्याचे असते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांबाबत डॉक्टरांना ते आधी विचारात घ्यावे लागते.