कुंडीतलं जेड आणि ११ हत्ती

आमच्या गॅलरीत एक जेड आहे. नर्सरीवाल्यानं जेड म्हणून दिलं, म्हणून जेड. परवा मावशी आली होती. जाताना तिनं त्याची एक फांदी मोडून पिशवीत टाकली. "हे काय गं, कुठेही लागतं!" म्हणाली. मागाहून कळलं, या आमच्या झाडाचं खरं नाव स्पेकबूम आणि माहेर दक्षिण आफ्रिकेतला ईस्टर्न केप. मग काय, वाचतच सुटले.

तिकडे याची रानंच्या रानं होती. गुबगुबीत, आंबटसर पानं. हत्तींचा आवडता चारा. ॲडो भागात शेती वाढली आणि हत्ती शेतात शिरू लागले. तक्रारी झाल्या. सरकारनं मेजर प्रिटोरियस नावाचा शिकारी नेमला. १९१९-२० मध्ये त्यानं १०० हून अधिक हत्ती मारले. १९३१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा उरले होते फक्त ११.

आणि त्याच मुलखात अंगोरा शेळ्या मात्र मानानं चरत होत्या. १८३८ मध्ये आणलेल्या. त्यांच्या केसांना, म्हणजे मोहेरला, पैसा मिळत होता ना!

आता गंमत बघा. हत्ती झुडूप वरून खातो. खालच्या फांद्या जमिनीवर लोळत राहतात आणि टेकतील तिथे मुळं धरतात. शेळी खालून खाते. तो घेरच जातो, झाड छत्रीसारखं उघडं पडतं, सावली जाते, माती तापते आणि काही वर्षांत झाड मरतं. लाखो हेक्टर रान असं विरळ झालं.

म्हणजे नासधूस करणारा म्हणून ज्याला मारलं, त्याच्याशी झाडाचं जमलेलं होतं!

शेळ्यांचा तरी काय दोष? माझ्या आजीच्या दोन शेळ्या होत्या. ती त्यांना रोज वेगळ्या बांधावर न्यायची, एकाच जागी कधी चारायची नाही. तिथे कुंपण घालून त्याच त्या रानात कळप ठेवले, ते माणसांनी.

२००४ पासून तिथे सरकारी योजनेतून स्पेकबूमची पुन्हा लागवड सुरू झाली. रोपं नाहीत, फांद्याच तोडून मातीत खोचायच्या. आणि ॲडोत आता ६०० हून अधिक हत्ती आहेत.

काल मावशीचा फोन आला. फांदी लागली म्हणे.