सणाचा मान की सणाची वेठ? हरेगावची परिषद आपण का विसरलो?



पोळा जवळ आला की नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये एक वाद हमखास सुरू होतो. आम्ही तिथे काम करतो, म्हणून तो दरवर्षी आमच्या वाट्याला येतो. गावातली जाणती मंडळी म्हणतात, "शिकलेल्या पोरांनी वस्ती गावापासून तोडली. पूर्वी होळीचा विस्तव तुमच्याकडून यायचा, सणाची पोळी घरोघरून तुम्हाला मिळायची. केवढा मान होता तुमचा!" हे ऐकून आमची काही तरुण मुलेही विचारतात, "खरंच, आपण सण सोडून काय मिळवलं?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला शिवी देऊन नव्हे, इतिहास सांगून उत्तर दिले पाहिजे.

आधी हा 'मान' काय होता ते पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचे. बलुतेदारांची कामे आणि त्यांना मिळणारे धान्य, हक्क, मानपान यांची सविस्तर नोंद त्यात आहे. पोळ्याला बैलाचे कासरे आणि वेसण मांगाने वळून द्यायची. होळीला लाकूडफाटा महाराने आणायचा. ज्या गावात दसऱ्याला रेडा मारत, तिथे पहिला वार पाटलाचा आणि राबणूक महाराची. या सगळ्याच्या बदल्यात पोळी, नैवेद्य, उरलेसुरले अन्न. ते ताटात नव्हे, वरून टाकलेले. ज्या माणसाच्या होळीतला विस्तव चालतो, पण ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याला मान होता असे म्हणणे ही थट्टा आहे. गावाच्या दृष्टीने तो सण होता, आपल्या आज्या-पणज्यांच्या दृष्टीने ते कामाचे वेळापत्रक होते.

मग लोकांनी हे काम सोडून का दिले नाही? बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला सांगितले होते की मेलेल्या ढोराचे मांस सोडा, शिळेपाके तुकडे मागणे सोडा. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेने ठरावच केला की हिंदू देवदेवतांची पूजा करायची नाही, हिंदू सण पाळायचे नाहीत, तीर्थयात्रा करायची नाही. ठराव स्पष्ट होता, तरी खेड्यात तो पाळणे अवघड गेले. याचे कारण श्रद्धेत शोधू नका, वतनात शोधा.

महार वतन म्हणजे हाडकी-हाडोळ्याची तुटपुंजी जमीन आणि बलुत्याचे धान्य. त्या बदल्यात रात्रंदिवस चाकरी. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदार हजर नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला कामाला धरत. सरकारी काम कुठे संपते आणि पाटलाच्या घरचे, गावच्या सणाचे काम कुठे सुरू होते, याला सीमाच नव्हती. होळीला लाकडे आणायला नकार द्यायचा, तर खळ्यावरचे बलुते बंद होण्याची तयारी ठेवावी लागे. सण सोडायचा तर पोटाचे साधन सोडावे लागे.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. म्हणून त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आणि १६ डिसेंबर १९३९ रोजी ते आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला आले. सरकारने वतनी जमिनींवरची जुडी वाढवली होती. तिच्या विरोधात महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद तिथे भरली होती.

हरेगाव म्हटले की आज लोकांना साखर कारखाना आठवतो, सप्टेंबरातली मतमाउलीची यात्रा आठवते. ही परिषद किती जणांना आठवते? आम्ही तर म्हणतो, आपल्या सणांचा इतिहास लिहायचा तर हरेगावचे नाव महाड आणि नागपूरच्या शेजारी लिहावे लागेल. वेठ सुटल्याशिवाय सण सुटत नाही, हे तिथे जमलेल्या कष्टकऱ्यांना अनुभवाने माहीत होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेने मन मोकळे झाले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ चा. म्हणजे १९३६ चा ठराव गावागावात खऱ्या अर्थाने पाळता येण्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ लढावे लागले.

आता काही मित्र म्हणतात, "पोळा हा शेतकऱ्याचा सण, त्यात धर्म कुठे आला?" बैलाला धर्म नाही, हे आम्हालाही मान्य आहे. ज्याच्या दावणीला बैल आहे त्याने त्याला धुवावे, चारावे, एक दिवस विसावा द्यावा. आमचा विरोध वेशीतल्या क्रमाला आहे. मानाचा बैल कोणाचा आणि हलगी कोणाच्या गळ्यात, हे जन्मावरून ठरत असेल तर तो ऋतूचा सण राहत नाही, ती जातीची उजळणी होते. हलगी वाजवायचीच तर कलावंत म्हणून, ठरलेले मानधन घेऊन वाजवा. "तुमचा मानच आहे" असे सांगून फुकट बोलावले तर जाऊ नका.

आणि ऋतूशी नाते सांगणारे सण आपल्याकडे नाहीत, असे कोण म्हणते? आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावास. पावसाळ्यात हिंडताना कोवळी पिके आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, म्हणून भिक्खूंनी एका जागी राहावे, हा त्यामागचा विचार. शेतकऱ्याची याहून मोठी कदर कोणती? पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कुटुंबे ऊसतोडीला निघण्याआधी अशोक विजयादशमी येते. १ जानेवारीला पुणे-नगर रस्त्यावरचे भीमा कोरेगाव असते. १४ एप्रिलला जयंती, मग वैशाख पौर्णिमा. या कॅलेंडरमध्ये कोणी कोणाची चाकरी करत नाही.

पण एक कडू गोष्टही बोललीच पाहिजे. मजुरी करणाऱ्या बाईकडून सक्तीची वर्गणी घेऊन आपण डीजे लावणार असू, तर ती नवी वेठच आहे. सण आपला असला तरी वेठ ती वेठच.

म्हणून येत्या १६ डिसेंबरला प्रत्येक वस्तीत विहारात बसा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की पोळ्याला, होळीला, दसऱ्याला तुमच्याकडून कोणती कामे करून घेत. ते वहीत लिहून ठेवा. 'मान' गेल्याचे दुःख सांगणाऱ्यांना ती वहीच उत्तर देईल.

नमो बुद्धाय! जय भीम!