झोप आवरत नाही तेव्हा

धर्माबादच्या मिरची बाजारात पोती सुटली की ठसक्याने डोळ्यांना धारा लागतात. अशा ठसक्यातही कुणी पोत्याला टेकून पेंगत असेल, तर लोक त्याला आळशी म्हणून मोकळे होतात. अतिनिद्रेच्या अभ्यासाची सुरुवात हा शिक्का पुसण्यापासून करावी लागते.

आपल्या भाषेत थकवा, सुस्ती, गुंगी, पेंग असे वेगवेगळे शब्द आहेत आणि ते तसेच वेगळे ठेवायला हवेत. थकलेल्याला बसावंसं वाटतं; पेंग आलेला बसला की झोपतो. रक्त कमी असलेली बाई बहुधा थकलेली असते, झोपाळलेली नव्हे. चरकसंहितेने उन्हाळ्यात दिवसा झोपायला मुभा दिली आहे, तेव्हा मे महिन्यातली दुपारची डुलकी हा आजार नव्हे.

पहिला प्रश्न रात्रीचा विचारावा. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की शेतकरी बांधावर जागतो. दिवसाची पेंग ही त्या जागरणाची वसुली असते. तिथे औषध नको, झोप हवी. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, म्हणून खिशातली गोळी बघावी.

रात्रभर झोपूनही पेंग जात नसेल, तर घोरण्याची चौकशी करा. घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे. काही घोरणाऱ्यांचा घसा आवळतो, श्वास थांबतो, मेंदू क्षणभर जागा होतो. रात्रीत असं शेकडो वेळाही घडतं आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत श्वास अडण्याचा विकार आणि दिवसाची झोप, दोन्ही असलेले 7.5 टक्के निघाले.

नार्कोलेप्सी, म्हणजे मेंदूतल्या बिघाडाने येणारी अनावर झोप, मात्र विरळ. फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी 1880 मध्ये तिला हे नाव दिलं. तिच्यात बहुधा जागं ठेवणारं ओरेक्सिन हे रसायन मेंदूत कमी पडतं. काहींचे तर हसता हसता गुडघे लुळे पडतात. वर्गात ‘झोपाळू’ म्हणून हिणवलेल्या मुलांत असा एखादा असू शकतो.

पेंग मोजायला मरे जॉन्स यांची 1991 ची एपवर्थ प्रश्नावली आहे; ती आठ प्रसंगांत डुलकी लागेल का, ते विचारते. 24 पैकी 10 च्या वर गुण गेले तर तपासणी करावी. पण तिच्यात वाचन आहे, मोटारगाडी आहे. आपल्या माणसाला एसटीतलं, कीर्तनातलं विचारावं लागेल.

आणि रुग्णाला एकट्याला बोलावू नका. त्याच्या खोलीत झोपणाऱ्या माणसालाही सोबत आणायला सांगा. श्वास अडलेला त्यानेच ऐकलेला असतो.