वृद्धांचा कैवार आणि निवडणुकीचे वर्ष : अमेरिकेतील धर्मादाय वृद्धाश्रमांचा अनुभव

ज्या संस्था समाजातील दुर्बलांची सेवा करतात, त्यांनी त्या दुर्बलांच्या वतीने राजकारणात बोलावे किंवा नाही, हा प्रश्न लोकशाही राष्ट्रांत वारंवार उपस्थित होतो. निवडणुकीच्या वर्षी तर तो विशेष तीव्र होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील धर्मादाय वृद्धाश्रमांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६५ साली तेथे वृद्धांच्या वैद्यकीय विम्याचा, म्हणजे ‘मेडिकेअर’चा, कायदा झाला. वृद्धसेवेच्या क्षेत्रातील सर्वांनी एकमुखाने मागणी केली आणि तिचे हे फळ मिळाले, असा समज सहज होतो. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. १९६० व १९६४ या दोन्ही निवडणुकींच्या वर्षी हा प्रश्न ऐरणीवर आला तो मुख्यतः कामगार संघटना, वैद्यक व्यवसाय आणि स्वतः वृद्ध नागरिक यांच्या संघर्षातून. वृद्धांना प्रत्यक्ष आसरा देणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या वाणीला मात्र कायद्याची मर्यादा होती. ही मर्यादा कशी उत्पन्न झाली आणि तिचा परिणाम काय झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या वृद्धाश्रमांची परंपरा जुनी आहे. फिलाडेल्फिया येथे १८१७ साली निराधार विधवा व अविवाहित स्त्रिया यांच्यासाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी, ज्यू समाजाने आणि जर्मनीसारख्या देशांतून आलेल्या वसाहतवाल्यांनी आपापल्या लोकांसाठी अशी गृहे उघडली. त्यांत प्रवेश मिळविण्यासाठी बहुधा ठराविक रक्कम भरावी लागे आणि सद्वर्तनाचा दाखलाही आणावा लागे. ‘आपल्या’ सभ्य वृद्धांना सरकारी दरिद्रालयात जाण्याची नामुष्की येऊ नये, हा त्यामागील उद्देश होता.

या नामुष्कीला राजकीय अर्थही होता. अनेक घटक राज्यांत सार्वजनिक खर्चाने पोसल्या जाणाऱ्या दरिद्री माणसास मताचा अधिकारच नव्हता. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८२१ च्या घटनादुरुस्तीत दरिद्री माणसांना मतदानातून स्पष्टपणे वगळले होते, आणि ही तरतूद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत घटनेत राहिली. म्हातारपणी अन्नासाठी सरकारच्या दारी गेलेला मनुष्य अशा रीतीने नागरिकत्वाच्या एका मुख्य अंगास मुकत असे.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ही परिस्थिती पालटली. ज्येष्ठांच्या मागणीत राजकीय सामर्थ्य आहे, याची जाणीव तत्पूर्वीच झाली होती. कॅलिफोर्नियातील डॉ. फ्रान्सिस टाउनसेंड यांनी साठ वर्षांवरील प्रत्येकास दरमहा २०० डॉलर द्यावेत, अशी योजना मांडली आणि तिच्या पुरस्कारार्थ देशभर मंडळे निघाली. योजना अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरणारी नव्हती. पण तिच्यामुळे राजकारणी पुरुषांना वृद्ध मतदारांची दखल घ्यावी लागली. १९३५ च्या कायद्यान्वये गरजू वृद्धांना साहाय्य मिळू लागले. मात्र सार्वजनिक संस्थांत राहणाऱ्यांना ते मिळू नये, अशी अट होती. दरिद्रालये ओस पडावीत, हा तिचा हेतू. परिणाम असा झाला की, साहाय्याची रक्कम हाती घेऊन वृद्ध माणसे खाजगी गृहांकडे वळली आणि नफ्यासाठी चालविल्या जाणाऱ्या शुश्रूषागृहांचा एक नवा धंदा उदयास आला. धर्मादाय वृद्धाश्रमांच्या शेजारी आता एक प्रतिस्पर्धी उभा राहिला. आणि सरकारी धोरणातील एखाद्या वाक्याने आपले भवितव्य कसे बदलते, याचा प्रत्यय त्यांना आला.

याच काळात धर्मादाय संस्थांच्या राजकीय वाणीवर बंधने येत होती. शिक्षणाच्या नावाखाली वादग्रस्त अथवा पक्षीय प्रचार करणाऱ्या संस्थेस करमाफी मिळू नये, असा दंडक अर्थखात्याने १९१९ मध्येच घातला होता. १९३० साली न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी संततिनियमनाच्या प्रचारक संस्थेसंबंधीच्या स्ली खटल्यात निर्णय देताना, कायदे बदलून घेण्यासाठी केलेल्या चळवळीचा भार करमाफीच्या रूपाने सरकारी तिजोरीवर पडू नये, हे तत्त्व मांडले. १९३४ च्या कायद्याने त्यास लिखित रूप आले. संस्थेच्या कार्याचा ‘महत्त्वाचा भाग’ कायद्यांवर प्रभाव पाडण्याचा नसावा, असे त्यात म्हटले होते. परंतु ‘महत्त्वाचा’ म्हणजे किती, हे सांगितले नव्हते. या संदिग्धतेचा धाक प्रत्यक्ष बंधनापेक्षा अधिक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

निर्णायक बंधन आले ते १९५४ च्या निवडणुकीच्या वर्षी. टेक्ससचे सिनेटर लिंडन जॉन्सन त्या वर्षी पुन्हा निवडणुकीस उभे होते, आणि करमाफी असलेल्या काही कडव्या कम्युनिस्टविरोधी मंडळांकडून त्यांना विरोध होत होता. २ जुलै रोजी त्यांनी करविधेयकास एक दुरुस्ती सुचविली : करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेने सार्वजनिक पदाच्या कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारात भाग घेऊ नये. दुरुस्ती विनाचर्चा आवाजी मताने मंजूर झाली. तिचा रोख वृद्धाश्रमांवर नव्हता, हे उघडच आहे. तथापि नियमाच्या जाळ्यात तेही आले. वैद्यकांचा व्यावसायिक संघ, व्यापारी मंडळे आणि कामगार संघटना यांची गणना कायद्याच्या निराळ्या वर्गात होत असल्याने त्यांच्यावर हे बंधन नव्हते. स्वहितासाठी संघटित झालेल्यांना निवडणुकीत बोलण्याची मोकळीक, आणि परहितासाठी देणग्या घेणाऱ्यांना मात्र संयम, असा हा विचित्र विभाग होता.

त्याचे स्वरूप पुढील दहा वर्षांत स्पष्ट झाले. १९५७ साली ऱ्होड आयलंडचे प्रतिनिधी एमे फोरँड यांनी वृद्धांच्या रुग्णालयखर्चासाठी सामाजिक विम्याचे विधेयक मांडले. कामगार महासंघाने ते उचलून धरले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यास कडवा विरोध केला. परिचारिकांच्या राष्ट्रीय संघाने मात्र १९५८ मध्ये विम्याच्या तत्त्वास पाठिंबा दिला. सेवा करणाऱ्यांतही असा मतभेद होता. १९६० च्या शिरगणतीत पासष्ट वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १ कोटी ६६ लक्ष भरली. १९३० मध्ये ती सुमारे ६६ लक्ष होती. एवढ्या मतदारांकडे कोणता पक्ष दुर्लक्ष करील? १९६० च्या ऑगस्टमध्ये सिनेटने विम्याची तरतूद ४४ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली आणि तिच्याऐवजी केवळ गरजूंना राज्यांमार्फत साहाय्य देणारा ‘कर-मिल्स’ कायदा संमत झाला. त्या शरद् ऋतूत कॅनेडी यांच्या प्रचारासाठी वृद्धांची स्वतंत्र समिती स्थापन झाली व फोरँड तिचे प्रमुख झाले. पुढील वर्षी तिच्यातूनच ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय परिषद जन्मास आली.

१९६१ हेच वर्ष धर्मादाय वृद्धाश्रमांच्या राष्ट्रीय संघाच्याही स्थापनेचे होय. हा संघ नफारहित गृहांचा असून, खाजगी शुश्रूषागृहांच्या आधीपासून असलेल्या संघाहून निराळा होता. विखुरलेल्या व पंथापंथांत विभागलेल्या या गृहांना प्रथमच एक समाईक व्यासपीठ लाभले. पण ते लाभले तेव्हा रणधुमाळी सुरू झालेली होती. २० मे १९६२ रोजी अध्यक्ष कॅनेडी यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो वृद्धांपुढे भाषण केले. सभा संपल्यावर त्याच, आता रिकाम्या झालेल्या, सभागृहातून वैद्यकांच्या वतीने डॉ. एडवर्ड ॲनिस यांनी दिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. जुलैमध्ये सिनेटने ४८ विरुद्ध ५२ मतांनी विधेयक बाजूस सारले. १९६४ च्या सप्टेंबरात सिनेटने ते ४९ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर केले. पण दोन्ही सभागृहांत एकमत न झाल्याने ते निवडणुकीपर्यंत लोंबकळत राहिले. नोव्हेंबरात जॉन्सन प्रचंड बहुमताने विजयी झाले. आजवर विरोध करणारे अर्थसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी वारा ओळखला, आणि ३० जुलै १९६५ रोजी कायद्यावर स्वाक्षरी झाली.

या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. किमान तीन दिवस रुग्णालयात राहून आलेल्या वृद्धास त्यापुढील शुश्रूषेसाठी जास्तीत जास्त शंभर दिवस खर्च मिळे. केवळ सांभाळ करण्यासाठी दिलेली सेवा मात्र स्पष्टपणे वगळली होती. म्हणजे आजारातून उठणाऱ्या वृद्धाचा विचार झाला. न उठणाऱ्याचा झाला नाही. आंघोळ घालणे, भरविणे, रात्री उठून कूस बदलविणे, विस्मृती जडलेल्यास सांभाळणे हे वृद्धाश्रमाचे नित्याचे काम. त्याचा भार ‘मेडिकेड’ या दुसऱ्या योजनेवर पडला. आणि ती योजना दारिद्र्य सिद्ध केल्यावाचून लागू होत नसे. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसास शेवटी आपली पुंजी संपवून निर्धन झाल्याचे दाखवावे लागे. दरिद्रालयाची इमारत गेली. तिची कसोटी मागे उरली.

या त्रुटीचा सारा दोष धर्मादाय संस्थांच्या मौनावर टाकणे अन्यायाचे होईल. अमर्याद खर्चाची भीती मिल्स यांना खरोखरीच वाटत होती, आणि चळवळ करणाऱ्यांनीही विजयाच्या आशेने रुग्णालयाच्या खर्चावरच भर दिला होता. शिवाय १९३४ च्या नियमाने संस्थांना साक्ष देण्यास किंवा माहिती पुरविण्यास सर्वस्वी मज्जाव केलेला नव्हता. तरीही इतके म्हणता येईल की, दीर्घकालीन सांभाळाचे मर्म ज्यांना प्रत्यक्ष ठाऊक होते, त्यांचा आवाज निर्णयाच्या क्षणी सर्वांत क्षीण होता.

पुढील काळात संस्थांनी या मर्यादेतूनच मार्ग काढला. १९७६ च्या करसुधारणेने कायदेविषयक प्रयत्नांवरील खर्चाचे मोजमाप ठरवून दिले : पहिल्या पाच लक्ष डॉलर खर्चाच्या वीस टक्के, आणि एकूण कमाल मर्यादा दहा लक्ष डॉलर. १९७८ च्या एका निर्णयाने उमेदवारांना प्रश्नावली पाठविण्याची रीत स्पष्ट झाली. सर्वांना समान व विविध विषयांवर प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे पक्षपात न करता छापावीत, म्हणजे नियमभंग होत नाही. उमेदवाराचे नाव न घेता प्रश्नाचे नाव घेण्याची ही कला होती. तिच्याइतकेच महत्त्वाचे दुसरे काम म्हणजे आश्रमवासीयांचे मत मतपेटीपर्यंत पोहोचविणे. १९८४ च्या कायद्याने संघीय निवडणुकांतील मतदानकेंद्रे वृद्ध व अपंग यांना सुगम असावीत, असे ठरविले. १९८७ च्या शुश्रूषागृह-सुधारणेने निवासी व्यक्तींचे हक्क कायद्यात नोंदविले. २०२० साली महामारीमुळे गृहांची दारे बाहेरच्यांना बंद असता, निवासी व्यक्तींना मतदान करता यावे याची जबाबदारी गृहांवर आहे, असे संघ सरकारच्या खात्यास निवडणुकीपूर्वी कळवावे लागले.

या इतिहासाकडे समग्रतेने पाहता एक गोष्ट लक्षात येते. सेवासंस्थेने उमेदवाराचा प्रचार करू नये, या नियमामागे योग्य कारण आहे. कारण जो मनुष्य जेवणासाठी, औषधासाठी आणि अंथरुणासाठी संस्थेवर अवलंबून आहे, त्याच्या मतावर संस्थेचे दडपण सहज येऊ शकते. परंतु पक्षनिरपेक्षता म्हणजे मौन नव्हे. वृद्धांच्या वतीने बोलणे आणि वृद्धांना बोलू देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत संस्थेचे स्वतःचे हित नकळत मिसळते; दुसरीत ते मिसळण्यास वाव कमी. मॅसॅच्युसेट्सच्या ज्या दरिद्री वृद्धास १८२१ साली मत नाकारले गेले, त्याचा वारस २०२० मध्ये बंद दाराआड मतपत्रिकेची वाट पाहत होता. ती त्याच्या हाती देणे आणि ती भरताना त्याच्याकडे पाठ फिरवून उभे राहणे, हाच सेवासंस्थेच्या राजकीय कर्तव्याचा सर्वांत निर्विवाद भाग होय.