कार्बबँकेचे वारस

अल्फा-फीटोप्रोटीन (एएफपी) हे प्रथिन यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढते, तसे जुनाट यकृतदाह आणि सिऱ्होसिसमध्येही वाढते. मग ओळखायचे कसे? त्याच्या शर्करासाखळीच्या बुंध्याशी फ्युकोज जोडलेले सापडले तर कर्करोगाचा संशय बळावतो. एएफपी-एल३ ही तपासणी याच फरकावर उभी आहे. प्रथिन तेच, बदलते ती एक साखर.

अशा शर्करासाखळ्यांची रचना हुडकणारी सॉफ्टवेअर कुठून आली, हे सांगायचे तर आधी अडचण समजून घ्यावी लागते. प्रथिनाचा क्रम जनुकावरून वाचता येतो. साखळीला तसा साचाच नाही. विकरे एकेक साखर जोडत ती घडवतात आणि वर तिला फांद्या फुटतात. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र साखळीच्या तुकड्यांची वजने देते. पण मॅनोज, गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज यांचे साखळीतले वजन अगदी सारखे, १६२.०५ डाल्टन. नुसत्या वजनावरून रचना ठरत नाही. पूर्वी कोणत्या रचना सापडल्या, याची नोंद हाताशी असावीच लागते.

ती नोंद १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात सुरू झाली. शोधनिबंधांतून रचना वेचून संगणकात भरल्या गेल्या. कार्बबँक हा तिचा प्रोग्रॅम. नोंदी पन्नास हजारांच्या घरात पोचल्या आणि नव्वदीच्या उत्तरार्धात निधी आटला. एवढी मेहनत धूळ खात पडली असती. पण जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रात विली फॉन डेर लीट यांच्या गटाने त्या नोंदी उचलल्या आणि वेबवर सर्वांसाठी खुल्या केल्या. मला या सॉफ्टवेअरच्या कुळातला मूळपुरुष तोच गट वाटतो.

पुढे युरोकार्बडीबी हा युरोपीय प्रकल्प आला, आणि त्यातून २००८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात घडलेले ग्लायकोवर्कबेंच. हिरवे वर्तुळ मॅनोज, पिवळे गॅलॅक्टोज, लाल त्रिकोण फ्युकोज अशी चिन्हे मांडून संशोधक साखळी काढतो. सॉफ्टवेअर तिचे संभाव्य तुकडे पाडते, वजने काढते आणि यंत्राने टिपलेल्या शिखरांशी ताडून पाहते. जपानमधील ग्लायटूकॅन ही नोंदवही आता प्रत्येक रचनेला स्वतंत्र क्रमांक देते.

कर्करोग संशोधनाच्या प्रस्तावात नव्या यंत्राची किंमत हमखास मांडली जाते. नोंदी सांभाळणाऱ्यांचा पगारही त्यात मागितला जावा, आणि देणाऱ्यांनी तो द्यावा.