माघारी बोलावलेली चाके

वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की गड, तह आणि लढाया यांविषयी बोलावे, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. आम्ही आज तो थोडासा मोडणार आहोत. आमचा विषय आहे मोटारीचे चाक, आणि तेही फार जुने नव्हे. इसवी सन 2000 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लाखो कुटुंबांनी ज्याच्याकडे गुडघे टेकून, मान वाकडी करून पाहिले, ते. श्रोत्यांपैकी अनेकांच्या दारात आज एस. यू. व्ही. जातीची उंच गाडी उभी आहे. तेव्हा हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

विकलेला माल सदोष निघाला तर कारखानदाराने तो परत बोलवावा आणि फुकट दुरुस्त करून द्यावा, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. परंतु मोटारीच्या जन्मानंतर कित्येक दशके अमेरिकेतसुद्धा असे कायद्याचे बंधन नव्हते. दोष कळला तरी मालकाला कळवावयाचे की नाही, हे कारखानदाराच्या मर्जीवर होते. अपघात झाला की दोष चालवणाऱ्याचा, असे सर्वांनी धरून चालावे, अशी रीत. 1965 साली राल्फ नेडर नावाच्या एका तरुण वकिलाने मोटारींच्या रचनेतील दोषांवर पुस्तक लिहिले. जनरल मोटर्स कंपनीने त्याच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले, ते उघडकीस आले, आणि मार्च 1966 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे त्याची माफी मागावी लागली. गुप्तहेरांनी नेडरचे काही बिघडवले नाही. उलट त्याचे काम सोपे करून टाकले! त्याच वर्षी 9 सप्टेंबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. दोष आढळल्यास मालकाला कळवणे कारखानदारावर बंधनकारक झाले. फुकट दुरुस्तीचे बंधन पुढे 1974 च्या दुरुस्तीने आले.

कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. 1978 साली फायरस्टोन कंपनीला आपले ‘500’ या नावाचे सुमारे 1 कोटी 45 लाख टायर माघारी बोलवावे लागले. त्या धक्क्यातून ती कंपनी पुरती सावरली नाही, आणि 1988 साली जपानच्या ब्रिजस्टोनने ती विकत घेतली. म्हणजे आता जी हकीकत सांगावयाची, ती या घराण्यात एकदा घडून गेलेली होती.

घराणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांचा व्यवहार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनचा. दोघे मित्र, एडिसनला बरोबर घेऊन मोटारीने रानावनांत तंबू ठोकीत हिंडत. कुटुंबासह मोटारीतून सहलीला जाण्याची अमेरिकन हौस वाढवण्यात या सहलींच्या वर्तमानपत्री वर्णनांचा वाटा थोडाथोडका नाही. 1947 साली फोर्डच्या नातवाचे लग्न फायरस्टोनच्या नातीशी झाले. 2000 साली फोर्ड कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद ज्याच्याकडे होते, तो या दोन्ही घराण्यांचा पणतू होता.

या कंपनीने 1990 साली ‘एक्सप्लोरर’ ही गाडी बाजारात आणली. मालवाहू पिक-अपच्या सांगाड्यावर कुटुंबाला बसण्याजोगे घर चढवावे, तशी तिची घडण. आईबापांना ती भक्कम वाटे. उंचावर बसायचे, दूरचे दिसते, मागे सामान आणि मुले दोन्ही मावतात. दशकाच्या अखेरीस वर्षाला चार लाखांहून अधिक एक्सप्लोरर खपत होत्या. परंतु उंच गाडीचा गुरुत्वमध्यही उंच असतो, आणि ती बसक्या गाडीपेक्षा लवकर कलंडते. गाडी विक्रीला येण्यापूर्वीच्या चाचण्यांत ही अडचण दिसली होती. त्यावर जे उपाय झाले त्यांत टायरमधली हवा कमी ठेवण्याचाही होता. फोर्डने मालकांना 26 पौंड हवा ठेवण्यास सांगितले. फायरस्टोनचे म्हणणे पुढे 30 पौंडांचे झाले.

चार पौंडांनी काय होते, असे कोणी विचारील. रेडियल टायरमध्ये, रस्त्याला लागणाऱ्या रबराच्या पट्ट्याखाली, पोलादी तारांचे दोन पदर असतात आणि ते रबरानेच एकमेकांना धरून राहतात. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो, अधिक वाकतो, आणि म्हणून अधिक तापतो. त्यात टेक्सस किंवा ॲरिझोनाचा उन्हाळा, भरधाव वेग, गाडीत पाच माणसे आणि सुट्टीचे सामान. पदरांच्या कडेला बारीक चीर पडते, ती आत सरकत जाते, आणि एके दिवशी वरचा पट्टा तारांसकट सोलून निघतो. बाहेरून पाहणाऱ्याला आदल्या दिवशी टायर धडधाकट दिसतो. मागचे चाक असे गेले की गाडी आडवी होते, आणि उंच गाडी आडवी झाली की उलटते.

दोष एकाचा की दुसऱ्याचा, यावर दोन्ही कंपन्या पुढे कडकडून भांडल्या. टायरवाले म्हणत गाडी दोषी, गाडीवाले म्हणत टायर. फायरस्टोनने नेमलेल्या तज्ज्ञाने, बर्कले विद्यापीठातील प्राध्यापक संजय गोविंदजी यांनी, 2001 साली हवामान, रचना, कमी हवा, वजन आणि इलिनॉयमधील डिकेटर येथील कारखान्याची पद्धत अशा अनेक कारणांकडे बोट दाखवले. डिकेटरच्या कारखान्यात 1994 साली मोठा संप झाला होता आणि बदली कामगार लावले गेले होते. अॅलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे 2004 साली दाखवून दिले की, सदोष टायरांचे प्रमाण त्या तंट्याच्या काळाभोवती दाटलेले आहे. कामगारांच्या मनातील कडवटपणा टायरात उतरला, असे विधान कोणी भाषणात केले असते तर आम्ही त्याला अलंकार म्हटले असते. येथे ते आकड्यांतून निघाले.

आता या हकीकतीतील ज्या भागासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याकडे वळू. हे सारे आधी कोणाला ठाऊक नव्हते काय? होते, पण तुकड्यातुकड्यांनी. 1998 च्या जुलैत स्टेट फार्म या विमा कंपनीतील एका अभ्यासकाच्या ध्यानात आले की, दाव्यांच्या कागदांत एकाच जातीचे टायर सोलल्याची 21 प्रकरणे आहेत. त्याने ते सरकारी सुरक्षा खात्याला कळवले. खात्याने चौकशी सुरू केली नाही. वकिलांच्या कपाटांत खटल्यांचे कागद होते. 1999 साली फोर्डने सौदी अरेबिया आणि आखातातील गाड्यांचे टायर बदलून दिले. परदेशातील ही गोष्ट अमेरिकन सरकारला कळवण्याचे बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हते, म्हणून ती कळवली गेली नाही. प्रत्येकाच्या हाती एकेक पान, आणि पोथी बांधायला कोणी नाही! अखेर 2000 च्या फेब्रुवारीत ह्यूस्टन येथील एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राने ही प्रकरणे एकत्र करून दाखवली. त्यानंतर लोकांना आपापली आठवण झाली आणि खात्याकडे तक्रारी येऊ लागल्या. मे महिन्यात चौकशी सुरू झाली, आणि 9 ऑगस्टला फायरस्टोनने टायर माघारी बोलावले. त्यांतील सुमारे 65 लाख तेव्हाही रस्त्यावर धावत होते, असा अंदाज होता. सरकारी खात्याने या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या पुढे 271 वर गेली.

मग मालकांची पाळी आली. आपला टायर यादीत आहे की नाही, हे त्याच्या कडेवर उठवलेल्या अक्षरांवरून ठरवायचे. डिकेटरचे टायर असतील तर आरंभी ‘व्हीडी’ ही खूण. पण संपूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला उठवलेला असे, आणि ती बाजू पुष्कळदा आत, गाडीच्या पोटाकडे गेलेली. म्हणून ते गुडघे टेकणे. टायर पुरेसे नव्हते. उष्ण राज्यांना आधी आणि इतरांना मागाहून, असा क्रम लावला गेला. दुसऱ्या राज्यांतील लोक रागावले. फोर्डने आपले तीन कारखाने काही काळ बंद ठेवून तेथले नवे टायर मालकांकडे वळवले. मे 2001 मध्ये फायरस्टोनने फोर्डशी असलेला शतकभराचा व्यवहार तोडला, आणि दुसऱ्याच दिवशी फोर्डने आणखी 1 कोटी 30 लाख टायर बदलून देण्याचे जाहीर केले. तंबू ठोकून एकत्र हिंडणाऱ्या दोन मित्रांच्या नावांचा शेवट असा झाला.

1 नोव्हेंबर 2000 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. परदेशात माल माघारी घेतला तरी तो कळवणे, तक्रारींचे व दाव्यांचे आकडे खात्याला वेळोवेळी देणे, ही बंधने त्याने आली. म्हणजे विमा कंपनीतील त्या माणसाने एकट्याने जे केले, ते कायद्याने नेमाचे काम झाले. हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवाही नव्या गाड्यांत त्यामुळेच आला.

आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेने 2012 साली स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याचा नियम केला. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला तसा हुकूम देण्याचा अधिकार मिळाला, आणि 1 एप्रिल 2021 पासून सात वर्षांच्या आतील गाड्यांसाठी त्याचे नियम लागू झाले. दंड 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत. मालकाला करावयाचे ते थोडके. नोंदणीपत्रावरील चासी क्रमांक, सतरा अक्षरे-आकड्यांचा, कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहायचा किंवा अधिकृत वर्कशॉपला फोन करून विचारायचे. गाडी यादीत असल्यास दुरुस्तीचे पैसे पडत नाहीत.

हे व्याख्यान तयार करताना आम्हांला आमच्याच गाडीची आठवण झाली. गाडी जुनी विकत घेतलेली. कोणत्या कंपनीची, ते येथे सांगण्याचे कारण नाही. क्रमांक घालून पाहिला, तर ब्रेकच्या एका नळीसाठी ती दोन वर्षांपूर्वीच बोलावलेली! वर्कशॉपमधला पोरगा यंत्रावर पाहून म्हणाला, “काका, पत्र गेलं होतं की. पहिल्या मालकांच्या पत्त्यावर.” त्यांनी गाव बदलून बराच काळ लोटला होता. त्या दोन वर्षांत आम्ही त्याच गाडीतून नातवंडांना घेऊन दोनदा आंबा घाट उतरलो होतो. नळी बदलायला तास-दीड तास लागला, पैसे पडले नाहीत. जुनी नळी आम्ही मागून घेतली आणि उजेडात धरून सर्व बाजूंनी पाहिली. आम्हांला तीत काहीच दोष दिसला नाही.