सातारा-सांगली भागातील भरतकामाचे पडदे : गृहेतिहासाचे एक साधन

महाराष्ट्रातील वस्त्रकलेचा इतिहास बहुधा पैठणी, शेला व पागोटे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. ही वस्त्रे दरबाराशी निगडित, मोलाची आणि म्हणूनच जपून ठेवलेली. याउलट दाराखिडक्यांवर टांगलेला भरतकामाचा पडदा हा रोजच्या वापराचा. तो उन्हाने विटतो, धुण्याने झिजतो आणि अखेरीस त्याचे पोतेरे होते. परंतु साधन नाशवंत असले म्हणजे ते गौण ठरत नाही. घरातील स्त्रीच्या बदलत्या स्थानाविषयी दप्तरे जेथे मौन पाळतात, तेथे हे कापड काही सांगू शकते.

या दृष्टीने सातारा व सांगली हे जिल्हे एकत्र पाहणे सोयीचे आहे. आजचा सांगली जिल्हा 1949 साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला व 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. जुन्या सातारा जिल्ह्याच्या मुलखाबरोबर सांगली, मिरज, जत, औंध इत्यादी संस्थानांचे प्रदेश त्यात आले. त्यामुळे संस्थानी वाडा, ब्राह्मणी चौसोपी घर, शेतकऱ्याचे माळवदी घर व कारखान्याची वसाहत अशी गृहरचनेची अनेक रूपे या एकाच पट्ट्यात सापडतात.

वाड्यातील आडोसा हा मुळात वास्तुरचनेचाच भाग होता. दिंडी, चौक, ओसरी, माजघर या क्रमाने बाहेरचा माणूस कोठवर येणार हे भिंतीच ठरवीत. वाईजवळील मेणवली येथील नाना फडणिसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. अशा घरात शोभेचे स्थान भिंत व कोरीव लाकूड हे होते. सरदार मराठा घराण्यांत गोषा पाळला जाई, तेथे बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा वापरात असे. आतून बाहेरचे दिसावे, बाहेरून आतले दिसू नये, हा त्याचा गुण. असा पडदा घराण्याची प्रतिष्ठा दर्शवी. त्यामागे बसणाऱ्या स्त्रीची कोणतीही खूण त्यावर नसे.

एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शिक्षणाने ही स्थिती पालटू लागली. सावित्रीबाई फुले यांचा जन्म 1831 साली सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. 1848 पासून त्यांनी व जोतीरावांनी पुण्यात चालविलेल्या कार्याचा भर अक्षरज्ञानावर होता. पुढे 1882 च्या हंटर आयोगाने मात्र मुलींचा अभ्यासक्रम सोपा व गृहजीवनाच्या गरजांना अनुसरून असावा, अशी शिफारस केली. अशा धोरणात शिवण व भरतकाम यांना स्थान मिळणे स्वाभाविक होते. पुण्यात 1909 साली स्थापन झालेल्या सेवासदनाने हीच कला निराधार स्त्रीच्या उपजीविकेचे साधन म्हणून शिकविली. एकच सुई एका हाती मर्यादा ठरली, तर दुसऱ्या हाती आधार.

याच सुमारास राहते घरही बदलत होते. नोकरदारांची भाड्याची बिऱ्हाडे व कारखान्यांच्या वसाहती यांत ओसरी-माजघराचा क्रम उरला नाही. दोन खोल्यांच्या घरात बाहेरची खोली व स्वयंपाकघर यांमध्ये एक चौकट तेवढी असे. वाड्यात जे काम भिंती करीत, ते आता दीड-दोन वार कापडाने करावयाचे होते. खिडकीला गजांच्या निम्म्या उंचीपर्यंतचा अर्धा पडदा आला. त्याने रस्त्यावरची नजर अडे आणि वरून उजेडही येई. 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीहून 1930 मध्ये ‘स्त्री’ मासिक निघू लागले. छापील मासिक घरात येऊ लागल्यावर भरतकामाचा नमुना सासू-नणंदेकडूनच मिळावा, ही गरज उरली नाही.

पडद्याचा काळ ठरविण्यास कापड व दोरा उपयोगी पडतात. कापसाच्या दोऱ्याला ताण देऊन क्षारप्रक्रियेने रेशमासारखी चमक आणण्याची रीत 1890 च्या दशकात रूढ झाली. तेव्हा असा दोरा असलेले काम त्यापूर्वीचे असू शकत नाही. टाक्यांतही भेद आहे. साखळी टाका, गहू टाका किंवा भरीव टाका यांसाठी नक्षी आधी कापडावर उतरवावी लागते. फुलीचा टाका मात्र मॅटी किंवा दोसुतीसारख्या कापडाचे धागे मोजून घालतात. ज्या हाताला ठिपक्यांच्या रांगोळीचे गणित अवगत होते, त्याला ही मोजणी परकी नव्हती. दक्षिणेकडून आलेला कर्नाटकी कशिदाही मोजणीचाच. त्यातील गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. दारातला पडदा आतून व बाहेरून, दोन्हीकडून पाहिला जातो, हे ध्यानात घेता या गुणाचे महत्त्व कळते. फुलीच्या टाक्याची उलटी बाजू झाकण्यास अस्तर लावावे लागे.

नक्षीत मोर, पोपट, कमळ, कलश, तुळशीवृंदावन हे विषय वारंवार येतात. त्यांहून लक्षणीय आहेत ती अक्षरे. ‘सुस्वागतम्’ हा शब्द, क्वचित करणारीच्या नावाचे आद्याक्षर, क्वचित सालही पडद्यावर भरलेले असे. ज्या काळी घराच्या दारावरील पाटी पुरुषाच्या नावाची असे, त्या काळी त्याच दारातील पडद्यावरचे अक्षर स्त्रीने लिहिलेले होते. रुखवतात मांडलेला असा पडदा वधूच्या हातचे कसब दाखवी. त्याबरोबर तिला लिहितावाचता येते, हेही पाहुण्यांस कळे. माहेरचा नमुना सासरी जाई व तेथे उतरून घेतला जाई, त्यामुळे विवाहसंबंधांच्या वाटेने नक्षीचा प्रसार होई.

या पडद्यांकडे केवळ फावल्या वेळचा उद्योग म्हणून पाहणे हा दृष्टिदोष होय. अभ्यासक्रमाने जी कला स्त्रीला घरात ठेवण्यासाठी शिकविली, तिच्याच द्वारे तिने घराच्या उंबरठ्यावर आपले अक्षर उमटविले. चिकाच्या पडद्याने तिला झाकले. भरतकामाच्या पडद्याने, झाकता झाकता, तिची ओळख दिली. जुन्या ट्रंकांतील असे पडदे नमुना, टाका, दोरा, माप व घराण्याचे स्थलांतर यांच्या तपशिलांसह नोंदविणे, हे गृहेतिहासाच्या अभ्यासकाचे निकडीचे काम आहे. कारण दप्तर कसर लागेपर्यंत टिकते, पडदा पुढच्या साफसफाईपर्यंतच.